बाबांचे गरम पाय

आमच्या आईने हॉस्पिटलच्या डॉक्टरला फसवलं होतं.

माझ्या बापाचा जीव वाचावा म्हणून.

आज सकाळी ती गेली. आता सांगून टाकतो.

बाबा भिवपुरीच्या पॉवर हाऊसवर फिटर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजला होतो. ड्युटीवर छातीत कळ आली. साहेबांच्या जीपमधून कर्जत, तिथून ॲम्ब्युलन्सने थेट मुंबई.

अटॅक एवढा मोठा, की हृदयात रक्त ढकलायचा जोरच उरला नव्हता.

डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून छातीतल्या मोठ्या नसेत एक फुगा सोडला. बाजूचं मशीन तो फुगवायचं, सोडायचं. ठक ठक ठक. दमलेल्या हृदयाला तेवढाच हातभार.

बाबा शुद्धीवर होते. बारीक आवाजात बोलायचे.

मी विचारलं, "वाचतील ना?"

डॉक्टर तोंडावर बोलणारा माणूस. "लघवी सुटली आणि पाय गरम झाले, तर आशा आहे. नाहीतर मशीन तरी किती ओढणार?"

आईने त्यातलं एकच धरलं. पाय.

आमच्याकडे कुणाचं अंग गार पडलं की तळपायाला सुंठ चोळतात. तिने खालापूरहून, माहेराहून सुंठीची पूड मागवली. सिस्टरना तिची दया यायची, त्या तिला पायाशी बसू द्यायच्या. ही बया चादरीखाली हात घालून दिवसभर चोळत बसली!

संध्याकाळी डॉक्टरांनी पायाला हात लावला.

"अरे वा! गरम आहेत की!"

मला रडूच फुटलं. वाटलं, सुटलो.

मग त्यांनी लघवीची पिशवी बघितली. रिकामी. परत पायाशी वाकले, तेव्हा वास आला.

"हे काय लावलंय?"

"सुंठ हाय सायेब."

"अहो मावशी, पाय त्यांच्या हृदयाने गरम करायचे असतात. तुम्ही नाही."

"त्यांचं दमलंय ना सायेब. म्हणून मी करते."

डॉक्टरांनी सिस्टरकडून पाय पुसून घेतले आणि आईला म्हणाले, "आता हात लावू नका. मला खरं काय ते कळू दे."

थोड्या वेळाने पाय पुन्हा गारठले. खरं काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. मशीन बंद केलं तेव्हा समजलं, आत आधीच सगळं थांबलेलं.

त्यानंतर आई आयुष्यभर एकच बोलायची. "मी हात काढला रं."

मी भडकायचो. "अगं, पाय ही नुसती खूण होती! थर्मामीटर बर्फात बुडवला म्हणून ताप उतरतो का?"

"नाय उतरत. पण मी हात काढला."

डोक्याला हात लावायचो मी. अडाणीपणा म्हणायचो.

परवा ती उशाशी बोलावून म्हणाली, "डाक्टरचं ऐकलं मी. तुझ्या बाबांचं नाय ऐकलं."

"बाबा काय म्हणाले होते?"

"मी पाय चोळत होते ना, तवा म्हणाले, बरं वाटतंय गं, चोळायचं थांबू नको."

इतकी वर्षं मी तिला डॉक्टरकी शिकवत होतो. तिने कधी म्हटलंच नव्हतं की चोळल्याने ते जगले असते.

आई, शेवटचा जयभीम गं.