संगमेश्वरच्या खाडीत रुतलेलं गणित

आगबोट मुंबईच्या धक्क्यावरून सुटली तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन धोतरं, एक कोट आणि गणिताची चार इंग्रजी पुस्तकं होती. धोतरं कशी नेसायची ते मला ठाऊक होतं. पुस्तकांचं तसं नव्हतं, आणि हे पुण्यात कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण पुण्यात मी गणिताचा मास्तर आहे.

झालं होतं असं. हायस्कुलात आठ वर्षं खडू झिजवल्यावर मला एका कॉलेजात इंटरचा वर्ग मिळण्याचा योग आला होता. अट एकच, जूनमध्ये प्राचार्यांसमोर नमुन्याचा एक तास घ्यायचा. विषय त्यांनीच नेमून दिला होता, डेरिव्हेटिव्ह. आता सूत्रं म्हणाल तर मला झोपेत विचारा. एक्सचा वर्ग दिलात की मी दोन एक्स काढून देईन, घन दिलात की तीन एक्स वर्ग. पण मागच्या वर्षी असाच तास घेताना पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थ्यानं उठून विचारलं, "सर, हे दोन एक्स म्हणजे नक्की कशाचं माप?" मी म्हणालो, "ते सूत्र आहे, पाठ करा." प्राचार्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि जागा दुसऱ्याला गेली. यंदा पुन्हा बोलावलं होतं ते त्यांच्या भलेपणामुळे. तिसऱ्यांदा कोणी बोलावत नसतं.

म्हणून मी अनंताकडे निघालो होतो. अनंता माझा कॉलेजातला सोबती, गणितात आमच्या वर्गात पहिला. वडील गेल्यावर तो कोकणात घरची बाग सांभाळायला गेला तो गेलाच. मी अडचण लिहिली, त्याचं उलट टपाली उत्तर आलं, "ये. आंबे तयार आहेत."

डेकवर माझ्या शेजारी एक गिरणीकामगार बसला होता. सुट्टीवर गावाला चालला होता.

"कुठं चाललाव?" त्यानं विचारलं.

"संगमेश्वरच्या बाजूला."

"लगीन हाय काय कुनाचं?"

"नाही. अभ्यासाला चाललोय."

त्यानं माझ्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे नीट पाहून घेतलं. "ऱ्हायलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि मला दोन चिकू दिले. पुढे समुद्र लागला, माझे चिकू आल्या वाटेनं परत गेले, आणि त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. भला माणूस होता.

दुपार कलल्यावर जयगड आलं. आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव (उतारूंना किनाऱ्याला नेणारी मोठी होडी) येऊन माणसं उतरवून घेतो. अनंतानं मला न्यायला धोंडू तांडेलाला पाठवलं होतं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. साठीचा, हडकुळा, बोलायला कंजूष. मी ट्रंक होडीत ठेवली आणि म्हटलं, "चला."

"भरती लागंल तवा," धोंडू म्हणाला.

"ती कधी लागणार?"

"लागंल तवा."

पुण्याच्या माणसाला हे असलं उत्तर सोसत नाही. पण खाडीतून वर न्यायचं काम पाण्याचं होतं, माझं नव्हतं, तेव्हा बसलो. पाणी लागल्यावर मात्र होडी मजेत निघाली. दोन्ही काठांना कांदळ (खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडी), त्यामागे जांभ्याचे तांबडे उतार, मधूनच एखादं कौलारू घर आणि धुणं वाळत घातलेलं. अनंताच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. वाचून पाहुणे वाढले तर त्याच्या बायकोचे बोल मला खावे लागतील.

त्या रात्री अनंताकडे जेवणं झाल्यावर मी ट्रंकेतून पुस्तकं काढली. अनंतानं एक उघडलं, चार पानं उलटली आणि मिटलं.

"सदू, खरं सांगू का? मी हे सगळं विसरलो रे."

"म्हणजे काय? तू पहिला आला होतास."

"आलो होतो खरा. आता कलमं बांधतो. कुठल्या झाडाला कधी पाणी तोडायचं ते विचार, सांगतो."

मी रागावलो. आगबोटीत पोटातलं सगळं समुद्राला वाहून मी आलो होतो ते काय कलमं बघायला? पण अनंता असा काही हसला की राग टिकला नाही. त्याची बायको, आमच्या इंदिरावहिनी, दारात उभं राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आता आलाच आहात तर खाऊन तरी जा." मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण बोलण्यात कोणाला हार जायची नाही.

मग मी खाल्लं. फणसाची सांदणं (तांदळाच्या रव्यात गरे घालून उकडलेल्या वड्या) नारळाच्या दुधात बुडवून खाल्ली, कुळथाचं पिठलं आणि मऊ भात खाल्ला, आंब्यांची तर गणतीच ठेवली नाही. मधल्या वेळात अनंताच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून मी पाण्याची चढउतार मोजत असे. मास्तरकीची खोड, दुसरं काय. सहा तासांत पाणी सहा हात उतरतं हे मी शोधून काढलं आणि तासाला एक हात असा हिशेब वहीत लिहून टाकला. धोंडूला सांगितलं तर तो म्हणाला, "सगळे तास सारके नसतात वो." अडाणी माणूस म्हणून मी सोडून दिलं.

पाचव्या दिवशी वहिनींना संगमेश्वरला देवदर्शनाला जायचं होतं. भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं. वाटेत एके ठिकाणी वाळूचा उथळ पट्टा आहे. सकाळी दहाला पूर्ण भरती झाली तेव्हा आम्ही केव्हाच संगमावर पोचलो होतो. दर्शन झालं, पूजा झाली, झाडाखाली जेवणही झालं.

"येकाला निघू," धोंडू म्हणाला.

मला तेव्हा वामकुक्षी हवी होती. एवढं जेवल्यावर कोणाला नको असते? मी वही काढली. "हे बघा. भरतीला त्या वाळूवर साडेपाच हात पाणी असतं. होडीला दीड हात पुरतं. म्हणजे चार हात उतरेपर्यंत भीती नाही. तासाला एक हात. दोन वाजेपर्यंत वाळूवर पोचलो की झालं. दीडला निघू."

धोंडूनं अनंताकडे पाहिलं. अनंता म्हणाला, "अरे, ते गणिताचे मास्तर आहेत." धोंडू सावलीत जाऊन बसला.

दोनला दोन मिनिटं कमी असताना होडी वाळूत रुतली. पाणी अर्धा हात कमी पडलं. धोंडूनं बांबू लावून जोर केला, अनंता खाली उतरून रेटत राहिला, मीही धोतर खोचून उतरलो. होडी तसूभर हलली नाही, आणि पाणी आमच्यादेखत उतरत होतं.

"आता भरती चढंल तवा, सव्वासाच्या म्होरं," धोंडू म्हणाला आणि शिडाच्या सावलीत आडवा झाला. ना राग, ना टोमणा. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी नुसता शरमलो नाही, घाबरलो. साध्या पाण्याचा हिशेब ज्याला येत नाही तो जूनमध्ये प्राचार्यांसमोर काय दिवे लावणार होता? घरी बायकोला काय सांगायचं, ते मी तिथेच वाळूत उभा राहून ठरवू लागलो.

"भाऊजी," वहिनी होडीच्या कडेवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "पाणी आत्ता किती वेगानं उतरतंय?"

"तासाभरानं मोजून सांगतो."

"तासाभरानं तुम्ही त्या तासाचं सांगाल. मी आत्ताचं विचारत्ये."

हाच तो प्रश्न होता. चारही पुस्तकं याच प्रश्नाभोवती फिरत होती आणि मला आठ वर्षांत तो प्रश्न म्हणून दिसलाच नव्हता.

वाळूच्या खालच्या अंगाला पाणी खोल होतं. तिथे मी धोंडूचा बांबू रोवला आणि घड्याळ काढलं. बरोबर अडीच वाजता वहिनींनी पूजेच्या तबकातलं ओलं कुंकू पाण्याच्या रेषेवर बांबूला लावलं. पाच मिनिटांनी दुसरी खूण, पावणेतीनला तिसरी, तीनला चौथी, साडेतीनला पाचवी. आम्ही बोटांनी अंतरं मोजली. चोवीस बोटांचा एक हात, एवढं आम्हा तिघांनाही येत होतं.

सबंध तासात पाणी साडेअठरा बोटं उतरलं. पण पहिल्या अर्ध्या तासातच ते साडेअकरा उतरलं होतं, म्हणजे तासाला तेवीसचा वेग. पहिल्या पाव तासात सव्वासहा, म्हणजे तासाला पंचवीस. आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन बोटांहून जरा जास्त. बारानं गुणलं तर सव्वीस.

"हे काय हो," वहिनी म्हणाल्या, "प्रत्येक उत्तर निराळं."

"निराळं आहे, पण बघा कुठे चाललंय. साडेअठरा, तेवीस, पंचवीस, सव्वीस." माझा आवाज चढला होता. "तासभर थांबलो तर पुढच्या दमलेल्या पाण्याची त्यात भेसळ होते. जितकं कमी थांबू तितकी भेसळ कमी. आणि उत्तर वाटेल तिथे भरकटत नाही, सव्वीसच्या थोडं पुढे एका जागी जाऊन टेकतंय. तो जो टेकण्याचा आकडा, तो अडीच वाजताचा वेग. आत्ताचा."

"मग आत्ताच्या आत्ता उत्तर येतं म्हणायचं."

"येतं. त्याचंच नाव डेरिव्हेटिव्ह."

धोंडूनं डोळे न उघडता विचारलं, "आनि च्यार वाजता किती?"

मी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी होते. वाळू उघडी पडली होती. आम्ही सगळे बांबूभोवती उभे राहिलो आणि वहिनींनी खूण केली. चार वाजून पाच मिनिटं झाली तरी पाणी कुंकवालाच लागून होतं.

"पानी बसलं," धोंडू म्हणाला. "माथ्यावर बसतं, तळाला बसतं. मदी पळतं."

आठ वर्षं मी शिकवणीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सांगत आलो होतो की मोठ्यात मोठी किंवा लहानात लहान किंमत काढायची असेल तर डेरिव्हेटिव्ह शून्य धरा. का धरा, ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. पाणी वळताना क्षणभर ना चढतं ना उतरतं, म्हणून शून्य. एवढंच होतं ते. मला खरोखर रडू आलं, आणि ते लपवायला मी चूळ भरून तोंड धुतलं. खारं पाणी डोळ्यांत गेलं ते वेगळंच.

सव्वासहानंतर होडी सुटली. धोंडूची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचा हिसाब बराबर होता, मास्तर. पान्याला ठावं नव्हता."

परतीच्या आगबोटीत मला समुद्र लागला नाही, किंवा लागल्याचं ध्यानात आलं नाही. सबंध वाट मी कागदावर तास मांडत होतो. पुण्याला उतरलो तेव्हा अंगात खाऱ्या पाण्याचा वास आणि ट्रंकेत आंबोशीची (वाळवलेल्या कैरीच्या फोडींची) पुरचुंडी होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टीतच बोलावून आणलेल्या मुलांपुढे, तास झाला. मी फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. एका खाडीची गोष्ट सांगितली, अडीच वाजताचा प्रश्न विचारला आणि ते चार आकडे मांडून खडू खाली ठेवला. मग मागच्या बाकावरून एकजण चाचरत म्हणाला, "सर, आणखी कमी वेळ थांबायला हवं होतं." प्राचार्यांनी वही मिटली. चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं.

प्रवासानं माणूस शहाणा होतो असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या बाबतीत प्रवास थांबला तेव्हा झालो. चार तास जागचे हललो नाही म्हणून पाण्याचं हलणं दिसलं. या समाधानात मी वहिनींना लांबलचक पत्र लिहिलं, नोकरी तुमच्या प्रश्नानं लावली असं मोकळेपणी कबूल केलं आणि त्या आत्ताच्या वेगाची रीत पुन्हा एकदा, जरा प्रोफेसरी थाटात, समजावून दिली.

काल त्यांचं कार्ड आलं. अक्षर बाळबोध, ओळी मोजक्या.

"नोकरी लागली, आनंद झाला. घरी सर्वांना आशीर्वाद. एक विचारायचं राहिलं. पाच मिनिटं थांबून पाच मिनिटांचा वेग निघतो, एक मिनिट थांबून एका मिनिटाचा. आत्ताचा म्हणजे थांबायचंच नाही. मग पाणी उतरेल ते शून्य, आणि वेळ गेला तोही शून्य. शून्याला शून्यानं भागून तुमचे सव्वीस कसे येतात, ते पत्रात कुठे सापडलं नाही. सवडीनं कळवावं."

मी कार्ड दोनदा वाचलं. मग चारही पुस्तकं काढली आणि दिवा जवळ ओढला. कॉलेज उघडायला अकरा दिवस आहेत.