लोकोनोंचा टॅपिर आणि बाबांचा बेडूक

दक्षिण अमेरिकेत, गयाना-सुरिनामकडं लोकोनो नावाचे लोक राहतात. त्यांच्या आकाशात जनावरंच जनावरं. अजगर आहे, बिबट्यासारखा जॅग्वार आहे; आकाशगंगा म्हणजे टॅपिर नावाच्या लांबनाक्या प्राण्याची पायवाट. एवढं वाचून मी नाशिकच्या आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात भाषण ठोकलं. "हा अडाणीपणा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे," असं गहिवरून म्हणालो आणि समोर पाहिलं, तर दुसऱ्या रांगेत बाबा. निफाडजवळच्या आमच्या गावाहून बायकोनं त्यांना बोलावून घेतलं होतं, मला पत्ताच नव्हता. माझं पुढचं वाक्य हरवलं.

बाबा पूर्वी दर पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचायचे. त्यात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर, कोल्हा आला की ओढ. सगळा गाव कान देऊन ऐकायचा. मी तेव्हा नुकताच गणिताचा मास्तर झालो होतो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. भर देवळात उठून मी सांगितलं, की सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, उरलेली बाकी म्हणजे तुमचा बेडूक. आकाशात बेडूकबिडूक काही नाही. सगळे खो खो हसले. बाबांनी पंचांग मिटलं आणि पुन्हा कधी ते वाचायला बसले नाहीत. त्यावर आम्ही दोघं आजवर एक शब्द बोललेलो नाही.

भाषणानंतर बाबांना घेऊन गाडीतून घरी येताना मी मनातल्या मनात वाद घालत होतो. लोकोनो निदान तारे बघून जनावर ठरवतात, बाबांचं तर भागाकारातून निघतं. म्हणजे फरक आहेच. आहे ना? पण लोकोनोंच्या जनावराला मी निरीक्षण म्हणालो आणि आमच्या बेडकाला बाकी, हे विज्ञान होतं की नुसताच लांबच्या पाहुण्याचा मान? काही सुधरेना. माफी मागावी तर कशाची, गणित तर बरोबरच होतं. आणि गणित बरोबर होतं तर मला एवढी लाज का वाटत होती, तेही कळेना.

"कसं वाटलं, बाबा?" शेवटी मी विचारलं.

"लय चांगलं बोलला," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्या लोकांना कोणी हसलं नाय, हे बरं झालं."