शांतवनकाकांनी मोडलेला नियम

शांतवनकाका गेल्याची बातमी मला ब्रेंडनने फोनवर दिली. "काका गेले. सकाळी," एवढंच, मराठीत. त्याला आता पाच आठवडे झाले.

काका औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. नगर जिल्ह्यातून आयर्लंडला आले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. निवृत्तीनंतर ॲडम्सटाउनमध्ये मुलाच्या शेजारी घर घेतलं आणि तिथल्याच एका सभागृहात दर रविवारी मराठी ख्रिस्ती उपासना सुरू केली. सुरुवातीला तीन कुटुंबं होती, पुढे अकरा झाली. मंडळीच्या बैठकांची टिपणं माझ्याकडे असत. उपासनेनंतर काका अर्धा तास शास्त्र शिकवत आणि शिकवताना त्यांना घड्याळाचं, चहाचं, कशाचंच भान राहत नसे. त्यांचा आवडता विषय एकच: पहिल्या शतकातल्या मंडळीचं दार यहुदी नसलेल्यांना कसं उघडलं. एकदा त्यांच्या घरी जेवायला बसताना तो विषय निघाला. प्रेषित पेत्र भर दुपारी गच्चीवर प्रार्थना करतोय, आकाशातून एक मोठी चादर खाली येते, तिच्यात त्याच्या लोकांना वर्ज्य असलेले प्राणी, आणि आवाज येतो, खा. "त्याला भूक लागली होती, हे लक्षात घ्या," काका हातातलं ताट तसंच धरून सांगत होते. "खाली स्वयंपाक चालला होता. देवाने बरोबर वेळ साधली."

"पेत्राचं जेवून झालं असेल आता," कमलकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमची भाकरी वातड झाली."

ब्रेंडन त्या सभागृहाचा केअरटेकर. मूळचा आयर्लंडमधल्याच ट्रलीचा, साठीतला, बायको वारलेली. आम्ही येण्याआधी तो हीटिंग लावून ठेवायचा आणि गाणी सुरू झाली की पॅसेजमध्ये उभा राहायचा. वर्षभराने शेवटच्या रांगेत बसायला लागला. आणखी वर्षाने त्याने काकांना विचारलं, मला तुमच्यातलाच एक होता येईल का? प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा पुढे सरकायचा तेव्हा सभासद नसल्याने तो उठून बाहेर जात असे. ते त्याला नको झालं होतं.

सभासद व्हायला दोन नियम होते, दोन्ही काकांनीच केलेले. मूळ मंडळीचं पत्र आणायचं आणि विश्वासाची कबुली मराठीत तोंडपाठ म्हणून दाखवायची. त्यामागे कारण होतं. आमची मुलं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. काकांची नातही तशीच. "उद्या एकासाठी इंग्रजी आलं, की परवा सगळंच इंग्रजीत. मग या पोरांना आपल्या भाषेत प्रार्थना कोण शिकवणार?" असं ते म्हणत आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. उपासना चालवणाऱ्या पाळकांनीही हा निर्णय मंडळीवर सोडला होता.

ब्रेंडनने ट्रलीहून पत्र आणलं. कबुली रोमन लिपीत लिहून घेतली आणि खुर्च्या मांडताना पुटपुटत पाठ केली. काकांनी दोनदा त्याची तोंडी घेतली. दोन्ही वेळा तो अर्ध्यावर अडला. "पुढच्या महिन्यात बघू," काका म्हणाले. "नो बॉदर, ग्रँड," ब्रेंडन म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही, ठीक आहे, आणि उरलेल्या खुर्च्या मांडायला गेला.

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका पेत्राला घेऊन कर्नेल्याच्या घरात पोचले. कर्नेल्य रोमी सैन्यातला शताधिपती, म्हणजे पुरता परका. पेत्र त्याच्या उंबऱ्याच्या आत जातो, बोलायला लागतो... काका खुर्चीतून उठले. "आणि बघा, त्याचं बोलणं पुरतं झालंही नव्हतं. मध्येच पवित्र आत्मा उतरला, ऐकणाऱ्या सगळ्यांवर. कुणी त्यांना आधी काही विचारलं नाही. परीक्षा नाही, पाठांतर नाही..."

तिथे ते थांबले. दाराबाहेरून ब्रेंडनचा आवाज येत होता. तिसऱ्या तोंडीची तयारी चालली होती.

"माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर जाऊ देत नव्हते," काका म्हणाले. "लांबून ओंजळीत पाणी ओतायचे. आणि मी दारातल्या माणसाची तोंडी घेतोय."

त्यांचा मुलगा संदेश पहिल्या रांगेत होता. "बाबा, नियम तुमचेच आहेत."

"म्हणून मोडायचा पहिला मान माझा."

"आणि मुलांच्या मराठीचं काय?"

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले. "यरुशलेममधल्या मंडळीचा जीवही यातच अडकला होता. ज्या रीतींनी त्यांना शेकडो वर्षं परक्या मुलखांत जगवलं, त्या सोडायच्या कशा? ती वाईट माणसं नव्हती, संदेश. तूही नाहीस. पण दार उघडलंच त्यांनी."

हात वर करून मत घेतलं. माझ्या टिपणात आहे: सात कुटुंबं बाजूने, चार विरुद्ध. काका पॅसेजमध्ये गेले आणि ब्रेंडनला दंडाला धरून आत घेऊन आले. त्याच्या हातात घडीची खुर्ची होती, ती ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही. त्या दिवशी झालं तसं गाणं मी तिथे पुन्हा ऐकलेलं नाही. काका पेटीच्या पुढे धावत होते, कमलकाकू टाळ्यांचा ताल सोडून हसत होत्या, मुलं खुर्च्यांवर उभी होती. संध्याकाळपर्यंत काकांनी मला तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी पेत्राबद्दल नवं काहीतरी सापडलं होतं.

महिनाभरात ती चार कुटुंबं वेगळी झाली. त्यांत संदेशचं घरही होतं. शेजारी राहून बापलेक एकमेकांचा डस्टबिन आत ओढत, औषधं आणून देत, पण रविवारी दोन दिशांना जात. काकांनी निर्णयाबद्दल कधी खंत केली नाही. फक्त पुढची जागा सोडून ते दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागले. कारण विचारलं तर म्हणाले, "नवीन माणसाला पहिल्यांदा आत येताना शेजार हवा." दर रविवारी त्यांची एक नजर दाराकडे असे. नव्या माणसाचीच वाट बघत होते की आणखी कुणाची, ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर संदेश आला. मुलीचा हात धरून दारातच थांबला. ती खुर्ची रिकामी होती. काका गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

"ही बाबांची ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो," शेजारी बसलेला ब्रेंडन म्हणाला आणि मुलीसाठी आपली जागा सोडून उठला. "बस, बस. ग्रँड आहे."