फेसाखालचं घमेलं

"पयले खाली पाहा न, सायेब."

झाडावरच्या बेडकांची नोंद करायला मी हेमलकशाच्या अलीकडच्या जंगलात गेलो, तेव्हा सोबत दिलेल्या वनमजुराचं हे पहिलं वाक्य. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी मान वर करून, दुर्बीण लावून बेडूक शोधत होतो. भाऊ उकिडवे बसून झाडाखालचं डबकं न्याहाळत होते. झाडावरच्या बेडकासाठी चिखल काय बघायचा, असं माझ्या शिकलेल्या डोक्याला वाटलं, आणि पुढच्याच पावलाला मी त्या डबक्यात पोटरीपर्यंत रुतलो.

भाऊंनी हात धरून बाहेर काढलं. मग पाण्यावर वाकलेल्या फांदीवरचा पांढरा फेसाचा गोळा दाखवला. मादी अशा फेसात अंडी घालते आणि अंडी फुटली की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. हे मी पुस्तकात वाचलेलं. फेस समोर आल्यावर मात्र कुणीतरी थुंकलंय समजून नाक मुरडलं होतं.

पुढे पावसाने दडी मारली आणि डबकं आटलं. भाऊंनी फेसाखाली घमेलं ठेवलं, रोज हापशीवरून पाणी आणून ते भरू लागले. मी नियम ऐकवला, "भाऊ, आपण फक्त नोंद घ्यायची. मध्ये पडायचं नाही."

"मंग पोट्टे कुठी पडतीन?" एवढंच म्हणाले आणि बादली उचलून गेले.

एका सकाळी ते हापशीवर असताना मी फोटोसाठी घमेलं बाजूला सरकवलं. अहवालात घमेलं शोभलं नसतं. फोटो झकास आला. तो कौतुकाने बघत बघत मी चहाला निघून गेलो, घमेलं तसंच बाजूला ठेवून.

परतलो तर भाऊ ओणवे होऊन ओल्या पानाने चिखलावरचं एकेक पिल्लू उचलत होते. बरीच सुकून गेली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमची नजर चांगली हाय, सायेब. तिकडून पाहा."

मी नियम विसरून गुडघे टेकले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गेल्या वर्षी भाऊ तापाने गेले. मला महिन्याने कळलं. अहवालात त्यांचं नाव नाही, 'सहायक एक' असं मीच लिहिलंय. मुखपृष्ठावर तो झकास फोटो आहे, आणि फेसाच्या बरोबर खाली, चिखलात, एक गोल खूण. लोक विचारतात, ही कशाची?

"भाऊंचं घमेलं होतं तिथे," मी सांगतो. "मी काढलं."