ज्याअर्थी काका नावनला आले

जगातला कुठलाही प्रश्न कलमं पाडल्याशिवाय सुटत नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या शेजारणीचे सासरे. मंत्रालयात, कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या खात्यात काकांची पस्तीस वर्षं गेली. त्यातही अध्यादेश, म्हणजे अधिवेशन चालू नसताना निकडीपोटी काढायचा तात्पुरता कायदा, हा त्यांचा खास प्रांत. डोंबिवलीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे, आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या नावनला आले तेव्हा सामानात भाजणी, दोन स्वेटर आणि फुलस्केप कागदांचं अख्खं रीम होतं. सून म्हणाली, "बाबा, कागद इथेही मिळतात हो!" काका म्हणाले, "मिळत असतील. समासाची रेघ असते का त्यांना?"

आठवडाभरात सुनेच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर, म्हणजे आपल्या कपाटाच्या, कचऱ्याच्या तीन पेट्यांबाबतचा अध्यादेश चिकटला. दूध इथे पिशवीऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात येत असल्यामुळे 'व्याख्या' या सदरातच दीड पान गेलं होतं. मग पलीकडच्या आयरिश आजोबांच्या कुत्र्याची पाळी आली. "ज्याअर्थी, सदर कुत्रा पहाटे भुंकतो, आणि ज्याअर्थी, त्याच्या मालकास ते ऐकू येत नाही, त्याअर्थी, आता..." असा मजकूर इंग्रजीत उतरवून काका स्वतः देऊन आले. आम्ही शरमेनं अर्धमेल्या झालो. आजोबांनी मात्र तो चष्मा लावून वाचला, "ग्रँड!" म्हणाले आणि काकांना चहाला आत बोलावलं. कुत्रा भुंकतच राहिला, पण दोघं म्हातारे रोज संध्याकाळी त्याला फिरवायला एकत्र जाऊ लागले.

हे सगळं मी हसत हसत सांगत सुटले असते, पण मध्येच माझ्यावरच एक प्रसंग ओढवला. हॉस्पिटलातून निघून, लेकीला शाळेतून घेऊन घरी येत होते. एका तपासणी नाक्यावर इथल्या पोलिसानं, म्हणजे गार्डनं, गाडी थांबवली. लायसन्स पाहिलं, विमा पाहिला, तरी "गाडी खरी कोणाची?" हे त्यानं चारदा विचारलं. मला खाली उतरवून भुरभुर पावसात अर्धा तास उभं केलं. गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, तर म्हणाला, "हल्ली कोणालाही डॉक्टर करतात वाटतं." काचेआडून माझी नऊ वर्षांची पोर हे सगळं बघत होती.

तक्रार करायची नाही, असं मी ठरवून टाकलं. नागरिकत्वाचा अर्ज आत पडलेला. नसती आफत कोण ओढवून घेईल? पण लेक गप्प झाली. त्या गार्डसारखं पिवळं जाकीट घातलेला माणूस दिसला की, मग तो रस्ता खोदणारा का असेना, ती सीटवर खाली सरकायची.

काकांना हे सुनेकडून कळलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "डॉक्टर, झालं बघ. मीथ परगणा पोलीस गैरवर्तन नागरी देखरेख अध्यादेश. चौदा कलमं. परिस्थिती निकडीची आहे." मी हात जोडले. उपयोग शून्य. शनिवारी वाचनालयात बसणाऱ्या नगरसेविकेसमोर त्यांनी मला नेऊन उभं केलंच.

बाईंनी चौदाही कलमं मन लावून वाचली. मग हळूच म्हणाल्या, "फारच सुंदर लिहिलंय. पण असं कार्यालय आपल्याकडे आहे. गार्डांचं नाही, नागरिकांचंच. एक फॉर्म भरायचा, बस."

काकांचा चेहरा पडला. "कायदा आधीच आहे का ते तपासायचं, हा आमचा पहिला धडा," परतताना ते म्हणाले, "आणि मी गाढव तोच विसरलो. कारण सांगू? असाच मसुदा मी नोकरीत असताना एकदा केला होता. शेरा आला, 'तूर्त आवश्यकता नाही.' मी आठ वर्षांचा असताना माझ्या वडिलांना एका हवालदारानं भर बाजारात, माझ्यासमोर, थोबाडीत मारली होती गं. वडील घरी येईपर्यंत माझा हात धरून होते, पण माझ्याकडे बघत नव्हते."

त्या संध्याकाळी मी फॉर्म भरला. काका शेजारी बसून स्वल्पविराम तपासत होते.

काका परत गेले आणि दोन महिन्यांनी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा फोन आला. म्हणाले, त्या गार्डचं चुकलंच. तुमची काय अपेक्षा आहे? मी प्रेस उघडला, चहाच्या डब्यामागून काकांचा मसुदा काढला आणि नववं कलम वाचून दाखवलं : 'ज्या व्यक्तीसमक्ष अपमान झाला असेल, त्या व्यक्तीसमक्षच माफी मागण्यात यावी.' ते म्हणाले, "यात काही गैर नाही."

गार्ड आला. तरुणच होता, टोपी काढून सोफ्याच्या कडेला टेकला. आधी माझी माफी मागितली, मग लेकीकडे वळून म्हणाला, "तुझ्या आईशी मी फार वाईट वागलो. ती गाडी तिचीच होती, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं." लेक त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग आपल्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "चहात साखर किती?"

मी लगेच डोंबिवलीला फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. कलमाच्या शब्दरचनेबद्दल एक शब्द विचारला नाही.

"पोरगी समोर होती ना?"

"होती, काका."

"नक्की? आतल्या खोलीत नव्हती?"

"नाही हो. माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती."

"आणि तू? तू तिच्याकडे बघितलंस ना गं?"