तेविसाव्या मागणीचा चहा

ताईंबद्दल मास्तरांना खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले, पण ताईंचं घर नेमकं कुठल्या गल्लीत आहे हे विचारायचं राहूनच गेलं. पुलापलीकडे कुठेतरी, एवढंच. यजमान बस चालवतात, सासूबाई कडक आहेत, मुलीला गणिताचा कंटाळा आहे, अशी किरकोळ माहिती काम करता करता अधूनमधून कानावर पडलेली. तेवढ्यावर कुणाची हकीकत सांगायला बसणं म्हणजे धाडसच. ताईंचा आवाज मात्र मास्तरांना इतका पाठ होता, की नुसत्या खोकल्यावरून त्या पानाच्या शेवटाला आल्यात हे त्यांना कळायचं.

सरकारी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून तपासणीची खोली होती. एक लांब टेबल, दोन खुर्च्या आणि नीट न लागणारी एक खिडकी. ताई मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायच्या आणि मास्तर छापलेल्या पानावर ओळीमागून ओळ लाल पेन्सिलीनं खूण करत जायचे. त्या लाल पेन्सिलीमुळेच ताईंनी त्यांचं नाव 'मास्तर' ठेवलं होतं. शिकवायचं सोडाच, चारचौघांत बोलायचं म्हटलं तरी हा माणूस दाराकडे सरकायचा.

वर्षातून एकदा त्या टेबलावर प्रांताच्या अंदाजपत्रकाचे कागद यायचे. तेव्हा ताई रंगात यायच्या. पोलीस खात्याची खर्चाची मागणी दरडावून वाचायच्या, आरोग्य खात्याची अगदी हळू, जणू शेजारी कुणी आजारी माणूस झोपलंय. बांधकाम खातं आलं की म्हणायच्या, "मास्तर, श्वास भरून घ्या. आकडा लांबलचक आहे."

एकदा बांधणी विभागातले मामा गठ्ठे न्यायला आले आणि दारातच थबकले. "काय हो ताई, प्रत्येक खात्याची मागणी सभागृहानं एकेक करून मंजूर केली ना? मग त्याच मागण्यांचं हे विधेयक पुन्हा कशाला? आम्हाला दोनदा राबवायला?"

"मामा, तुमच्या घरी तिजोरीची किल्ली कुणाकडे?"

"हिच्याकडे. दुसऱ्या कुणाकडे असणार?"

"आमच्याकडे सासऱ्यांकडे आहे. सासूबाई 'घ्या नवीन पंखा' म्हणाल्या, म्हणजे मागणी मंजूर झाली. म्हणून पंखा येतो का? सासरे उठून किल्ली फिरवतील तेव्हा येणार. कर, मुद्रांक, कर्ज, जो काही पैसा जमेल तो प्रांताच्या एकाच तिजोरीत जातो. त्या तिजोरीची किल्ली म्हणजे हे विधेयक. ते मंजूर होऊन वर सही झाली, की मग पैसा बाहेर."

"आणि वर्ष संपायच्या आत नाही झालं तर?"

"तर एक तारखेला तुम्ही आणि मी कोरडेच घरी जायचं."

"मग वाचा बाई, वाचा!" म्हणत मामा पळाले.

या वाचनात दोघांचा एक रिवाज होता. तेविसावी मागणी 'छपाई व लेखनसामग्री', म्हणजे खुद्द छापखान्याची. सगळ्यांचे पगार तिच्यातून. तिथवर आलं की ताई कागदावर पट्टी ठेवून म्हणायच्या, "आली आपली मागणी. चला, आधी चहा!" अर्ध्या प्रांताची पोटं भरून झाल्यावर आपल्या पोटाची आठवण, असं त्यांचं म्हणणं. चहा झाला की तेविसावी वाचायची आणि पुढे जायचं.

त्या वर्षी महिनाअखेरीला ताई निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षांत त्यांच्या वाचनानंतर एकदाही शुद्धिपत्र काढावं लागलं नव्हतं. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या ताई ही एक गोष्ट मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. निरोपाच्या भाषणात तीच सांगायची, असं व्यवस्थापकसाहेबांनीही ठरवून टाकलं होतं.

विधेयक सभागृहात मांडायच्या दिवशी सकाळी मास्तर लवकर आले. तीनशे प्रती खाली बांधून तयार होत्या. अकराला सभागृह भरणार होतं. सहज चाळा म्हणून त्यांनी तपासणीच्या पानांवरच्या लाल खुणा मोजल्या. एकेचाळीस भरल्या. मागण्या बेचाळीस. आपलंच मोजणं चुकलं असणार, असं धरून त्यांनी पुन्हा मोजल्या. मग चष्मा पुसून पुन्हा. बाविसाव्या मागणीवर पान संपत होतं आणि पुढचं पान चोविसाव्या मागणीनं सुरू होत होतं; छापताना तेविसावी ओळ गळाली होती. खालची एकूण बेरीज मात्र बरोबर होती, म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती. पण कायदा बेरजेवर चालत नाही, ओळीवर चालतो. ओळ नाही, तर पैसाही नाही. नंतर पुरवणी मागणी आणता आली असती, पण ती पुढच्या अधिवेशनात. तोवर तीन महिने छापखान्यातल्या एकशे बारा माणसांच्या घरी काय शिजणार?

ताई आल्या, डबा ठेवला, पदर खोचला. मास्तरांनी नुसतं पान पुढे सरकवलं.

ताईंनी पाहिलं आणि बाविसाव्या ओळीखाली बोट ठेवलं. "मास्तर, आपण चहाला गेलो होतो."

"हो."

"आणि परत आल्यावर मी चोविसावीच सुरू केली."

"माझंही लक्ष… खूण मीच करायला हवी होती…"

"तुम्ही गप्प बसा. वाचणारी मी."

दोघं खाली साहेबांकडे गेले. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. पण माणूस मनाचा मोठा. ते म्हणाले, "ताई, शुद्धिपत्रावर 'यंत्रातील बिघाड' असं लिहू. जाता जाता तुमच्या एकतीस वर्षांवर डाग कशाला?"

मास्तरांनी मान खाली घातली. तो मोह त्यांनाही झाला होता.

"साहेब, चहाला यंत्र गेलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "वाचनातील चूक, असं लिहा. उद्या यंत्राच्या भरवशावर कुणी निर्धास्त बसायला नको. आणि फोन मीच करते."

वित्त विभागातले उपसचिव फोनवर केवढ्यांदा ओरडले, ते मास्तरांना टेबलापलीकडेही ऐकू आलं. "शुद्धिपत्र? तुमच्या खोलीतून?"

"आमच्याच. सभागृहाच्या अध्यक्षांची परवानगी तेवढी घ्या, बाकी आम्ही बघतो. आणि अंगावर खेकसायचं राहिलं असेल तर दुपारी खेकसा, आत्ता सव्वानऊ वाजलेत!"

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. एका ओळीची तीनशे चिठोरी छापली, कापली आणि एकेका प्रतीत चिकटवायला सगळा छापखाना खाली बसला. मामांनी खळीचं पातेलं आणलं. साहेब बाह्या सरसावून चिकटवू लागले आणि स्वतःच्याच बाहीला चिकटले. मामा ओरडले, "साहेबांनाही पाठवायचं का सभागृहात?" ताई प्रत्येक प्रत उघडून ती ओळ मोठ्यानं वाचत होत्या. तीनशे वेळा वाचली. दहा चाळीसला गाडी सुटली तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

चार दिवसांनी विधेयक मंजूर झालं आणि वर्ष संपायच्या आत सहीही झाली. निरोपाच्या भाषणात साहेब अडखळत म्हणाले, "एकतीस वर्षांत फक्त एक शुद्धिपत्र." लगेच मागून मामा म्हणाले, "आणि तेही आमच्या पोटासाठी!" सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्यानं ताई हसल्या, बसलेल्या आवाजात.

एक तारखेला सगळ्यांचे पगार झाले. त्या दुपारी ताई राहिलेला डबा न्यायला आल्या होत्या. मास्तर टेबलापाशी एकटेच होते. किती काय काय बोलायचं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

"येते हं, मास्तर. आणि पुढच्या वर्षी आधी वाचायचं, मग चहा."

"हो."

"खिडकीला कागदाची घडी लावा. पानं उडतात."

"लावतो."