अण्णांनी लावलेलं कुलूप

असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी हसून विषय बदलायचो. पण हे लिहितोय, कारण घोळ मी घातला आणि तो मिटवणारा मी नव्हतो...

मुरुम गावात माझ्या विधवा वहिनी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने ब्लाऊजवर भरतकाम करतात. कॉम्प्युटर माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. मशीन फार रेंगाळायचं म्हणून मीच हौसेनं विंडोजशेजारी लिनक्स टाकलं. रीस्टार्ट केलं — ना लिनक्स, ना विंडोज. नवा बूटलोडर, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना विंडोज-लिनक्स उघडून देणारा प्रोग्राम, टाकून पाहिला, तोही चालेना. कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधलं, म्हणजे बायोसमधलं, सिक्युअर बूट नावाचं संरक्षण त्याला अनोळखी म्हणून अडवत होतं, आणि बायोसला अण्णांनी पासवर्ड लावलेला. तो त्यांच्याबरोबरच गेला. भरतकामाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय उघडत नाही. माघातल्या लग्नांचे ब्लाऊज घरात पडून होते.

दुसऱ्या दिवशी येळवस, शेतात पूजा करून जेवायची मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं गाव शेतात. मी मात्र पासवर्डचे अंदाज बांधत बसलेलो.

"भावजी, उठा की आता! येळवशीला घरात कोण बसतंय व्हय?"

"वहिनी, तुमचं पोटापाण्याचं मीच बंद पाडलं..."

"हातानं टाके घालीन. पण आंबील उतू गेली तर तुमाला सोडणार न्हाय!"

मी प्लग काढला. वहिनींनी घराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. वहिनींनी अण्णांच्या नावाचं पान वाढलं — शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. त्या पाणी आणायला गेल्यावर मी पानासमोर हात जोडले. "अण्णा, चुकलं माझं. तुम्हीच बघा आता."

संध्याकाळी परतलो, वहिनींनी कुलूप काढलं, मी प्लग लावला. स्क्रीनवर मेनू आला. लिनक्स, खाली विंडोज. दोन्ही उघडली! विंडोजमध्ये पाहिलं — सिक्युअर बूट बंद.

कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा सेल उतरून सेटिंग पुसली गेली म्हणावं, तर त्यासोबत घड्याळही चुकलं असतं, ते बरोबर होतं. आणि बायोस उघडायला गेलो, तर पासवर्ड अजूनही मागत होता; म्हणजे तो ठाऊक असणाऱ्यानंच आत जाऊन बदल केला होता.

मी पुन्हा पुन्हा बायोस उघडून बघत होतो. वहिनी मात्र दोरा ओवत म्हणाल्या, "त्येंचं काम त्येंनी केलं. आता सरका तिकडं, माझं करू द्या."

ब्लाऊज वेळेत गेले. खुलासा मला आजही सापडलेला नाही. वहिनींनी तो कधी मागितलाही नाही.